निकाली तक्रारींवरची अळंबी

कृषी महाविद्यालयात मी गेलो होतो तो पाण्याचं मीटर बघायला. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे साहेबांपासून सासूबाईंपर्यंत प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, की हे खूळ तुमच्या डोक्यात आलंच कुठून. ते माझ्या डोक्यात आलं नाही. ते एका वर्गात शिकवलं जात होतं आणि मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो, एवढाच माझा संबंध.

मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. तक्रार विभाग. म्हणजे लोकांच्या नळाला पाणी आलं नाही की ते मला लिहितात आणि मी त्यांना 'आपली तक्रार विचाराधीन आहे' असं कळवतो. मीटर तपासणं माझं काम नव्हे, पण ज्याचं होतं तो रजेवर गेला आणि साहेबांची नजर माझ्यावर पडली. महाविद्यालयात पोचलो तर मीटरच्या खोलीची किल्ली ज्या बाईंकडे होती, त्या घरगुती अळंबी लागवडीचा वर्ग घेत होत्या. "बसा जरा मागे, संपतच आलंय," त्या म्हणाल्या. शिकवणाऱ्यांचं 'संपतच आलंय' आणि आमचं 'विचाराधीन' यांत फारसा फरक नसतो, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

थोड्या वेळाने प्रात्यक्षिक सुरू झालं. बाईंनी विचारलं, "नखं कोणाची कापलेली आहेत?" वर्गातल्या सगळ्यांनी हात बाकाखाली घेतले. मी सरळमार्गी माणूस, मी दाखवले. मला पुढे बोलावलं, हातांना स्पिरिट चोळायला लावलं आणि काचेच्या बरणीत एक थर उकडलेल्या पेंढ्याचा, एक थर बियाण्याचा, असं भरायला सांगितलं. बियाणं म्हणजे पांढरी बुरशी धरलेले गव्हाचे दाणे. एरवी घरात दिसले असते तर डब्यासकट फेकून दिले असते. इथे मी ते मन लावून पेरले. बरणी भरून झाल्यावर बाईंनी ती उजेडात धरली आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, हात किती स्थिर आहे यांचा."

हे वाक्य वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. पण तक्रार विभागात केस पांढरे झालेल्या माणसाला कोणी चारचौघांत बरं बोललं, तर त्याच्या आत काय काय होतं, ते तक्रार विभागात केस पांढरे केल्याशिवाय कळायचं नाही. मी बियाण्याची पिशवी घेऊन घरी आलो. मीटर बघायचं राहूनच गेलं.

बायको शाळेत गणित शिकवते. तिने ती पिशवी फ्रीजमध्ये दुधाशेजारी बघितली आणि शांतपणे विचारलं, "अहो, हे काय आहे?"

"अळंबीचं बियाणं. धिंगरी म्हणतात या जातीला. घरच्या घरी, बरण्यांमध्ये येते. जागा लागत नाही, ऊन लागत नाही, खत लागत नाही."

"किती दिवसांत येते?"

"महिना, फार तर दीड महिना."

"आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून?"

मी म्हणालो, प्रश्न वेळेचा नाही. "बरं," ती म्हणाली. गणिताच्या शिक्षिकेचं 'बरं' म्हणजे उत्तर चूक आहे, पण रीत पूर्ण करायला हरकत नाही.

रीतीतली पहिली पायरी म्हणजे बरण्या. आमच्या घरातल्या रुंद तोंडाच्या सगळ्या बरण्यांत आधीपासून काही ना काही राहत होतं. साखर, डाळी, चहा, कुठल्याशा बिया, सुटी बटणं. मी एका रविवारी सगळ्यांना कागदी पुड्यांत हलवलं आणि प्रत्येक पुडीवर ठळक अक्षरात नाव लिहिलं. पुडी फाडली की नावही फाटतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे साधा चहा करायचा म्हटला तरी आधी चौकशी समिती नेमायची वेळ आली.

दुसरी पायरी पेंढा. शहरात पेंढा मिळवणं हे काय प्रकरण आहे, याची मला कल्पना नव्हती. किराणावाला म्हणाला, ठेवत नाही. रोपवाटिकेवाला म्हणाला, माती आहे, खत आहे, कुंड्या आहेत, पेंढा कशाला? दोघांनीही मला घरात गाय आहे का, असं विचारलं. शेवटी भांड्यांच्या एका दुकानाबाहेर मला पेंढाच पेंढा दिसला. काचेची ताटं फुटू नयेत म्हणून खोक्यांत घालतात तो. मी मालकाला म्हटलं, थोडा द्या. तो म्हणाला, "पेंढा सुटा देत नाही. मालाबरोबर येतो."

"पण तुम्ही तो फेकूनच देता ना?"

"फेकतो. विकत नाही."

या माणसाला आमच्या कार्यालयात साहेब व्हायला काहीच हरकत नव्हती. मी काचेच्या ताटांचा एक संच घेतला. घरी खोकं उघडल्यावर बायकोच्या चेहऱ्यावर या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा समाधान दिसलं. मग मी तिला म्हणालो, "ताटं तू ठेव, मला फक्त पेंढा दे." ते समाधान लगेच मावळलं.

तिसरी पायरी उकडण्याची. पेंढा बोटाएवढा कापायचा, भिजत घालायचा, उकळायचा, बरण्यांत दाबून भरायचा आणि बरण्या कुकरमध्ये वाफवायच्या. कापता कापता अंगठ्याला फोड आला. बरण्या कुकरमध्ये बसेनात, म्हणून मी पहिल्या खेपेला नुसता पेंढाच कुकरमध्ये कोंबला. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरी होईना. शिट्टीखाली काडी अडकली असावी असा मी तर्क केला आणि तो बरोबर निघाला. झाकणावरचं ते छोटं बटण उडालं आणि तपकिरी पाण्याचं कारंजं थेट छताला जाऊन भिडलं. छतावर उमटलेला डाग अजून आहे. वासाचं म्हणाल, तर ओल्या गोणपाटात कोणीतरी आठवडाभर पाय गुंडाळून ठेवावेत आणि मग ते गोणपाट इस्त्री करावं, तसा काहीसा होता. तो दाराखालून जिन्यात गेला आणि जिन्यातून खालच्या मजल्यावर उतरला.

खालच्या मजल्यावर कर्नल राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते, चपलांच्या कंपनीत होते. पण ते आमच्या सोसायटीचे सचिव आहेत आणि सभेत असे उभे राहून बोलतात, की बसलेल्यांनाही उभं राहावंसं वाटतं. ते वर आले तेव्हा समोरच्या दारातल्या वहिनीही बाहेर आल्या होत्या.

"घरात जनावर आहे का?" माझ्या खांद्यावरून आत बघत कर्नल म्हणाले.

"नाही."

"मग हा वास?"

"पेंढा उकडतोय."

"कोणासाठी?"

या प्रश्नाला प्रतिष्ठेने देता येईल असं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "अळंबीसाठी." कर्नलनी मान हलवली. पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून एखादी गोष्ट खिशात घालावी, तसा तो शब्द त्यांनी घेतला आणि खाली गेले.

वहिनी मात्र थांबल्या. "भाऊजी, विषारी तर नाही ना ती? आमच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या दिराने एकदा खाल्ली होती."

"मग? काय झालं?"

"त्याला काही नाही झालं. पण तो पुढे फार विचित्र वागायला लागला. नोकरी सोडली, दाढी वाढवली, लग्न करत नाही म्हणाला."

त्याचं श्रेय अळंबीला कसं द्यायचं, ते मला कळलं नाही. वहिनींचा सल्ला असा होता, की बरण्यांना रोज थोडं गाणं ऐकवावं, म्हणजे त्या सरळ वाढतात. आणि कुकर दुरुस्त करणाऱ्याने बटण बदलताना भांड्याच्या तळाशी चिकटलेला पेंढा नखाने खरवडून बघितला आणि इतकंच म्हणाला, "साहेब, यात माणसांचं जेवण करतात." मी इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या आहेत, पण इतक्या कमी शब्दांत कोणी तक्रार मांडली नव्हती.

एवढं सगळं होऊन पेरणी मात्र झकास झाली. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला रुमाल, हाताला स्पिरिट. बायको दार लोटून आत आली तर मी हातानेच तिला थांबवलं, कारण बोललो असतो तर तोंडातले जंतू उडाले असते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. नंतर म्हणाली, "शस्त्रक्रिया संपली की पेशंटला बैठकीतून हलवा. मला वह्या तपासायच्या आहेत."

बरण्यांना सुरुवातीला अंधार लागतो. त्या कपड्यांच्या कपाटात गेल्या. काही दिवसांतच दाण्यांपासून पांढरे तंतू निघाले, काचेच्या कडेने पसरले, आणि आतला पेंढा कापूस पिंजल्यासारखा दिसू लागला. कामावर जायच्या आधी मी कपाट उघडून बघत असे. बायको म्हणाली की आमच्या लग्नाआधी मी तिच्या घरी इतक्या नेमाने येत नव्हतो.

एक बरणी तेवढी हिरवी पडली. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हिरवं म्हणजे परकी बुरशी. ती बरणी ताबडतोब घराबाहेर काढा, उघडू नका." मी ती घेऊन खाली कचरागाडीकडे गेलो. गाडीवाल्याने बरणी हातात फिरवून बघितली. "हे ओल्यात जात नाही," तो म्हणाला, "सुक्यातही जात नाही. आणि हे जिवंत आहे." त्याने ती परत माझ्या हातात दिली. मला कार्यालयाची घाई होती, म्हणून मी ती संध्याकाळपुरती जिन्याखाली ठेवली.

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागलेला होता. 'इमारतीतील एका सभासदाने आपल्या सदनिकेत बुरशीचे उत्पादन चालवले असल्याचे निदर्शनास आले आहे. इतर सभासदांनी घाबरून जाऊ नये.' नाव नव्हतं. नाव नसल्यामुळे प्रत्येकाने ते दुसऱ्याला विचारलं आणि अशा रीतीने ते सगळ्यांना कळलं. जिन्यात लोक मला वाट देऊ लागले. पूर्वी कोणी देत नसे, पण ही वाट मानाची नव्हती.

मी कर्नलकडे गेलो आणि म्हणालो, हा माझा अपमान आहे. ते म्हणाले, लेखी द्या. मी दिलं. चांगलं दोन पानी, मुद्देसूद. उत्तर आलं ते एका ओळीचं. 'आपली तक्रार विचाराधीन आहे.'

ते वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल याची गणतीच नाही. पण मला कोणी ते कधी पाठवलं नव्हतं. ते वाचायला इतकं वाईट असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेलही, आणि मी ते फाइलला लावलं असेल.

याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. मोतीबिंदू होता. दुसरं कोणी बघणारं नसल्याने त्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. नेत्रतज्ज्ञाने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की शस्त्रक्रियेनंतर घरात धूळ नको, धूर नको, ओल नको. "आणि बुरशी तर अजिबात नको. तिने डोळा जाऊ शकतो." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं आणि सगळ्यात खालची ओळ वाचावी तशा आवाजात म्हणाली, "उद्या."

उद्या म्हणजे उद्याच. आणि याबाबतीत मला वाद घालायचा नव्हता, डोळ्याचा प्रश्न होता. पण बरण्या टाकवेनात. नेमके त्याच आठवड्यात झाकणांखाली टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसायला लागले होते. मी कर्नलना सोसायटीच्या मीटरच्या खोलीत जागा मागितली. ते म्हणाले, सर्वसाधारण सभेत ठेवू. सभा कधी? ते म्हणाले, कोरम झाला की. आमच्या सोसायटीत कोरम फक्त लिफ्ट बंद पडली तर होतो.

मग मला रेकॉर्ड रूम आठवली.

आमच्या कार्यालयात तळघरात रेकॉर्ड रूम आहे. शहराला सोडलेलं पाणी शेवटी कुठे जातं, हे आम्हाला नक्की सांगता येत नाही, पण त्यातलं थोडं रेकॉर्ड रूममध्ये येतं. भिंती कायम ओल्या, गारवा बाराही महिने, आणि उजेड एका झरोक्यातून येईल तेवढाच. बाईंनी वर्गात सांगितलेली आदर्श जागा जशीच्या तशी. मी दोन पिशव्यांत बरण्या घेऊन बसने निघालो. आतून काचा वाजत होत्या आणि शेजारचा प्रवासी दर खड्ड्याला माझ्याकडे नापसंतीने बघत होता.

रेकॉर्ड रूमचा दप्तरी सेवानिवृत्तीला आलेला होता आणि तो कशालाच नाही म्हणायचा नाही, होही म्हणायचा नाही. त्याने फडताळाकडे बोट दाखवलं. "निकाली तक्रारी" अशी त्यावर चिठ्ठी होती. "तिकडे कोणी येत नाही," तो म्हणाला.

घरी सासूबाई आल्या. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण डोळ्यात दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे होते. बायकोने घातले की थेंब गालावर, कानात, उशीवर, सगळीकडे पडत. मी घातला की नेमका डोळ्यात. "जावईबापूच घालू देत," सासूबाईंनी ठरवून टाकलं. थेंब घातला की त्यांना काही वेळ डोळे मिटून पडून राहावं लागे आणि त्या म्हणत, "काहीतरी बोला. अंधारात कंटाळा येतो." आमचं आजवरचं बोलणं 'प्रवास कसा झाला' यापलीकडे कधी गेलं नव्हतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्यांना अळंबीची हकिगत सांगायला घेतली. रोज थोडी थोडी. पेंढ्याचं झालं, कुकरचं झालं, कर्नलचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या हसत नसत, कारण हसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. फक्त पुढचा थेंब घालायच्या आधी विचारत, "मग? पुढे काय म्हणाला तो?"

पुढचं लवकरच घडलं. मुख्य कार्यालयाला कसलीशी जुनी आकडेवारी हवी होती आणि साहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये उतरले. थोड्या वेळाने मला निरोप आला.

साहेब फडताळासमोर उभे होते. माझ्या बरण्यांतून राखाडी पाकळ्यांचे घोसच्या घोस बाहेर आले होते. इतकी देखणी पैदास वर्गातल्या चित्रातही नव्हती. क्षणभर मला साहेब आहेत याचा विसर पडला. मग साहेबांनी शेजारी बोट दाखवलं. दप्तरीने कधीतरी जागा करायला एक बरणी आडवी ठेवली असावी. तिच्यातली बुरशी बाजूच्या गठ्ठ्यात शिरली होती आणि गठ्ठ्याच्या दोरीमधून, कागदांच्या कडांमधून, छान टपोरी धिंगरी डोकावत होती. तो गठ्ठा 'पाणी येत नाही' या तक्रारींचा होता. पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"अळंबी, साहेब."

"ते दिसतंय मला. कोणाच्या परवानगीने उगवलीय?"

दुसऱ्या दिवशी ज्ञापन हातात पडलं. 'आपण कार्यालयीन अभिलेखांवर अनधिकृत उगवण केल्याचे आढळून आले आहे. आपली बदली शहराबाहेरील पंपगृहावर का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.' पंपगृह म्हणजे दोन बस बदलून, मग पायी. तिकडे गेलो असतो तर दिवसभराचे थेंब कोणी घातले असते? हे मी खुलाशात लिहिलंही, पण सासूबाईंचा डोळा हा विषय तक्रार विभागाच्या कक्षेत येत नाही, असा शेरा मारून ते खोडण्यात आलं.

दरम्यान त्या अळंबीला कोणी हात लावायचा नाही, असा आदेश निघाला. कारण ती कोणाची, हेच ठरेना. कार्यालयाच्या कागदावर, कार्यालयाच्या पाण्यावर उगवलेली, म्हणजे कार्यालयाची मालमत्ता, असं साहेबांचं म्हणणं. लेखा विभागाने कळवलं, की अळंबीपासूनचं उत्पन्न जमा करायला खातंच नाही. खर्च असेल तर दाखवता येईल. विधी विभागाने विचारलं, ती वृक्ष या व्याख्येत येते काय, येत असल्यास तोडण्यापूर्वी उद्यान विभागाची परवानगी घेतली आहे काय. उद्यान विभागाने उलट टपाली उत्तर दिलं, की अळंबी ही मुळात वनस्पतीच नसल्याने हा विषय त्यांच्याकडे पाठवू नये. हे सगळं होईपर्यंत पाकळ्या पिवळ्या पडल्या, वाकल्या, आणि एक दिवस दप्तरीने नाकाला रुमाल लावून त्या केरात लोटल्या.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण धिंगरीला पुन्हा बहर येतो, हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. पंधरवड्यात बरण्या पुन्हा भरल्या, गठ्ठाही पुन्हा फुलला. साहेबांनी आधीचेच कागद पुढे पाठवले, तर ते परत आले. आधीचा पत्रव्यवहार आधीच्या अळंबीबद्दल होता. या अळंबीसाठी नव्याने प्रस्ताव सादर करावा.

मी हे सगळं सासूबाईंना सांगत होतोच. तोपर्यंत त्यांचे थेंब संपत आले होते आणि डॉक्टरांनी त्यांना तपासून, आता काळा चष्मा लावून कुठेही हिंडा, काही होत नाही, असं सांगितलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडताच त्या म्हणाल्या, "तुमचं कार्यालय इथून जवळ आहे ना? मला ती बघायचीय."

"आई, बघण्यासारखं तिथे काही नाही," मी म्हणालो.

"इतके दिवस मिटल्या डोळ्यांनी ऐकलंय मी. आता उघड्या डोळ्यांनी बघते."

मी परोपरीने समजावलं. समजावणं संपेपर्यंत आम्ही कार्यालयात पोचलो होतो आणि त्या तळघराच्या पायऱ्या उतरायलाही लागल्या होत्या. दप्तरीने त्यांना स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत. फडताळाजवळ गेल्या, काळा चष्मा जरा वर केला आणि खूप वेळ बघत राहिल्या. जवळून, मग मान मागे घेऊन लांबून. "कडा कशा बारीक आहेत," त्या म्हणाल्या. "खालच्या रेघासुद्धा दिसतायत मला." इतक्यांदा त्या डोळ्यात थेंब घातले होते, पण त्याला आता दिसत असेल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

एवढ्यात साहेब आले. कोणीतरी वर्दी दिली असणार. मी ओळख करून दिली. साहेब नमस्कार करून म्हणाले, "आजी, बघा, पण हात लावू नका हं. निर्णय व्हायचाय."

"कसला निर्णय?"

"ही कोणाची, याचा."

सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि फडताळावर पसरला. "बरण्या माझ्या लेकीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातली आमची. कागदावरची तुमची." आणि त्यांनी पहिला घोस बुडापासून हलकेच पिरगळून काढला, बाईंनी वर्गात शिकवलं होतं आणि मी त्यांना सांगितलं होतं, अगदी तसा. मग दुसरा. "माझ्या डोळ्यांदेखत चांगला जिन्नस कुजायला नको. अजून नवाच आहे डोळा."

नियमात अनधिकृत तोडीबद्दल बरंच काही असेल, पण नुकताच मोतीबिंदू काढलेल्या, काळा चष्मा लावलेल्या बाईचं काय करावं, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. साहेबांनी रिकाम्या बरण्यांकडे बघितलं, सासूबाईंच्या भरलेल्या रुमालाकडे बघितलं, आणि दप्तरीला म्हणाले, "हा ओला गठ्ठा नष्ट करायच्या कागदांत टाका. मुदत कधीच संपलीय त्याची."

"आणि अळंबी, साहेब?" दप्तरी म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं असेल.

"कसली अळंबी?" साहेब म्हणाले आणि जिना चढून गेले. पंपगृहाचा विषय पुन्हा निघाला नाही. ज्या वस्तूबद्दल ज्ञापन होतं ती वस्तूच जागेवर आढळली नाही, तर खुलासा तरी कशाचा मागणार?

संध्याकाळी बायकोने ती चिरली आणि लोण्यावर परतली. रुमालभर होती ती कढईत गेल्यावर बघता बघता वाटीभर झाली. तिघांच्या ताटांत वाढून झाली तेव्हा दोघी हात आवरून माझ्याकडे बघत बसल्या. पहिला घास माझा, असं न बोलताच ठरलं होतं.

मी घास घेतला. रबर आणि ओला पुठ्ठा यांच्या मधलं काहीतरी होतं. चावला की दबायचा आणि सोडला की पुन्हा पूर्ववत व्हायचा. मी बराच वेळ चावत होतो. मला ती आवडली नाही. मुळीच आवडली नाही. पण पेंढा, कुकर, कर्नल, ज्ञापन, सगळं माझ्यासमोर उभं होतं, आणि दोघी वाट बघत होत्या.

"कशी झालीय?" सासूबाईंनी विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो.

दोघींनी एकेक घास घेतला. मग सासूबाईंनी आपल्या ताटातली सगळी अळंबी चमच्याने गोळा केली आणि माझ्या ताटात घातली. "तुम्हीच खा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमच्या कष्टाची आहे. माझ्या घशाखाली उतरत नाही."

बायकोने आपलीही त्यावर ठेवली आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी खाली मान घालून खायला लागलो.